कूलिंग सिस्टीम पुन्हा जोडताना: सुटे भाग, त्यांचा क्रम आणि हवा काढण्याची खटपट

रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, थर्मोस्टॅटही नवा, आणि तरी दोन दिवसांत तापमानाचा काटा लालवर. मग नव्या भागांवर संशय येतो, नाहीतर हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) पॅकिंग गेली असं धरून सगळं पुन्हा उघडलं जातं. भाग बहुतेक वेळा चांगलेच असतात. घोटाळा जोडणीत झालेला असतो: पॅकिंग बसायची जागा नीट साफ केलेली नसते, थर्मोस्टॅट उलटा असतो किंवा, सगळ्यांत जास्त वेळा, आत हवा अडकलेली असते.

पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि होज (रबरी नळ्या) काढून पुन्हा बसवायचे आहेत असं धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत. एखादाच भाग बदलत असाल तर मधले टप्पे गाळले तरी चालतील. तयारी, सफाई आणि हवा काढणं मात्र गाळू नका.

## आधी कूलंटची वाट समजून घ्या

पंप कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) ढकलतो. ते सिलिंडरांभोवती फिरून वर हेडमध्ये जातं आणि तिथून थर्मोस्टॅटपाशी येतं. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणून कूलंट बायपासमधून (रेडिएटर टाळणाऱ्या वाटेतून) आणि केबिनच्या हीटर कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून) परत पंपाकडे वळतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट वरच्या होजने रेडिएटरमध्ये शिरतं आणि निवून खालच्या होजने पंपाकडे येतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी, पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला असतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा, कारण पुढे कोणता होज कधी गरम व्हायला हवा हे त्यावर ठरतं.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण हाही एक भागच आहे, नुसतं बूच नव्हे. पाणी एरवी १०० अंशांना उकळतं, पण १ बार जादा दाबाखाली ते साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग हा दाब राखते. झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह इंजिन निवताना टाकीतलं कूलंट किंवा हवा परत आत येऊ देतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो, आणि लोक होजच बदलत बसतात.

टाकीचे प्रकार दोन. रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल, तर बाजूची टाकी बिनदाबाची असते आणि नुसती साठवण करते. रेडिएटरला झाकण नसेल, तर टाकीच दाबाखाली असते आणि भरायचं तोंडही तेच.

## टप्पा १: तयारी

इंजिन पूर्ण थंड हवं. वरचा होज मुठीत धरून बघा. कोमट लागला तरी थांबा. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो, आतलं कूलंट त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. किल्ली बंद असतानाही इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, आणि त्या वेळी बोटं कुठे असतील ते सांगता येत नाही. गाडी सपाट जागी घ्या. खाली शिरायचं असेल तर घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

हाताशी काय हवं: ८, १०, १२ आणि १३ मिलिमीटरचे सॉकेट, कमी टॉर्क (आवळण्याचा जोर) मोजणारा टॉर्क पाना, प्लास्टिकची खरवडणी, स्प्रिंग क्लिप धरणारी पक्कड, खुणा असलेली बादली, झाकणाच्या जागी बसणारा दाब तपासायचा हातपंप आणि तोंडात घट्ट बसणारं नरसाळं. या यादीत लोक हातपंप आणि नरसाळं टाळतात, आणि पुढे नेमकं तिथेच अडतं.

काही काढण्याआधी फोटो घ्या. क्लिपचे कान कोणत्या दिशेला आहेत, होज कशाच्या वरून आणि कशाच्या खालून गेला आहे, हे चार तासांनी आठवत नाही. पंपाचे बोल्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार पेन्सिलीने काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो. पान्याला तो घट्ट लागतो, पण पॅकिंगवर दाब येतच नाही.

कूलंट रंगावरून विकत घेऊ नका. हिरवा, लाल, निळा, गुलाबी या रंगांना कसलाही ठरलेला अर्थ नाही. ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतात. गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिला असेल तोच बघा. वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली तर गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात, कधी चोथाही धरतो.

## टप्पा २: रिकामं करणं आणि सोडवणं

रेडिएटरच्या खालचा निचऱ्याचा स्क्रू बहुतेक प्लास्टिकचा असतो. पक्कड लावून पिरगाळू नका, हातानेच सोडा. अडला तर तो सोडून द्या आणि खालचा होज काढा. ब्लॉकला वेगळा निचऱ्याचा बोल्ट असेल तर तोही उघडा. रेडिएटर रिकामा झाला म्हणजे इंजिन रिकामं झालं असं नाही.

किती निघालं ते मोजा आणि लिहून ठेवा. या एका आकड्याने पुढे निम्म्या शंका सुटतात.

निघालेल्या कूलंटकडे नीट बघा. तांबूस असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा दाट, दुधाळ तपकिरी चोथा असेल तर काम इथेच थांबवा. तेल कूलंटमध्ये कुठून येतंय, हेड पॅकिंगमधून की ऑइल कूलरमधून, हे आधी शोधावं लागेल. नव्या पंपाने ते थांबणार नाही.

> इशारा: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. बादली उघडी ठेवून उठू नका. मुलं आणि जनावरं दोघांनाही धोका असतो. जुनं कूलंट गटारात ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ तेल-रसायनं घेणाऱ्याकडे द्या.

अडकलेला होज स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर रेडिएटरचं प्लास्टिकचं नाक हमखास तुटतं. होज हाताने पिळून सैल करा. नवाच घालणार असाल तर जुन्यावर लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर द्या आणि सोलून काढा. रेडिएटरसमोर एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्या नळ्या खोलू नका. तो बाजूला करून दोरीने टांगा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या नळ्या रेडिएटरला जोडलेल्या असतील, तर काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना बुचं लावा.

## टप्पा ३: बसायच्या जागा साफ करणं

खरा वेळ इथे जातो, आणि घाईही इथेच होते. जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा राहिला तरी नवी पॅकिंग त्याच्या दोन्ही बाजूंना उचललेली राहते आणि गळते. अॅल्युमिनियमवर पोलादी पटाशी किंवा फिरती घासणी चालवू नका. एक खोल ओरखडा गळतीसाठी पुरेसा असतो, आणि घासणीच्या चकतीने पृष्ठभाग कमी-जास्त झिजतो. प्लास्टिकची खरवडणी वापरा. चिवट भागावर पॅकिंग मऊ करणारं रसायन लावून दहा मिनिटं थांबा, पुन्हा खरवडा. शेवटी ब्रेक क्लीनर लावलेलं फडकं फिरवा. बोटाचं टोक कडेने फिरवून बघा; डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

खरवडताना कपचे आत पडू नयेत म्हणून तोंडात फडकं कोंबतात. मीही कोंबलं होतं. थर्मोस्टॅटच्या तोंडात एक निळं फडकं, बोटभर आत. फोन आला, हात पुसून बोललो, परत आलो आणि थेट थर्मोस्टॅट ठेवून वरचं घर (त्याचं आवरण) आवळलं. उभ्या गाडीत सगळं ठीक होतं, रस्त्यावर वेग घेतला की काटा चढायचा. दोन दिवस हवा काढत बसलो. शेवटी उघडलं तेव्हा तो बोळा थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला चिकटून बसलेला. तेव्हापासून फडक्याचं टोक वीतभर बाहेर लोंबतं ठेवतो आणि किती फडकी कोंबली तो आकडा पट्टीवर लिहून समोरच्या काचेला चिकटवतो.

आता आतून धुवा. थर्मोस्टॅट काढलेला असताना ब्लॉकमधून आणि हीटरच्या नळ्यांतून साधं पाणी उलट-सुलट सोडा, ते स्वच्छ येईपर्यंत. नळाचा जोर कमी ठेवा, हीटर कोअर नाजूक असतो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करा.

> तपासा: बोल्टांच्या भोकांत पाणी साठलं आहे का? तळ बंद असलेल्या भोकातलं पाणी बोल्ट आवळताना दाबलं जातं आणि ओतीव भाग तडकू शकतो. हवेचा झोत मारून भोकं कोरडी करा.

## टप्पा ४: वॉटर पंप

जुना आणि नवा पंप शेजारी ठेवा. पात्यांची दिशा, पुली बसण्याच्या तोंडाची उंची आणि भोकांची जागा ताडून बघा. डबा बरोबर आणि पंप भलताच, असं होतं. हाताने फिरवल्यावर किंचित जड लागेल, ते सीलमुळे. खरखर लागली किंवा दांडा हलला तर परत करा. पंप कोरडा फिरवून बघू नका, सील कूलंटमध्येच चालण्यासाठी असतं.

पॅकिंग तीन तऱ्हेची असते. कागदी पॅकिंग सहसा कोरडीच बसते. रबरी रिंग असेल तर तिला फक्त कूलंटचा हात लावा. पॅकिंगच नसेल आणि सिलिकॉन सीलंट सांगितलं असेल तर २ ते ३ मिलिमीटरची सलग रेघ ओढा, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. रबरी रिंगवर वरून सीलंट थापणं ही हौसेची चूक आहे. रिंग घसरते आणि आत दाबलं गेलेलं सीलंट सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतं.

सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळा. पुस्तिकेतला आकडा हाच खरा. अंदाज म्हणून सांगायचं तर अॅल्युमिनियममधल्या ६ मिलिमीटर बोल्टला साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर पुरतात. हा जोर मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. आटे गेले की बोल्टाऐवजी अख्ख्या ब्लॉकची डोकेदुखी होते.

पंपाखालचं छोटं भोक बुजवू नका. सील गळायला लागलं की कूलंट तिथून बाहेर येतं, बेअरिंगमध्ये जात नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही याच वेळी बदला, आणि टायमिंगच्या खुणा जुळवल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

## टप्पा ५: थर्मोस्टॅट

नवा असला तरी तपासून घ्या. दोऱ्याने टांगून पाण्याच्या भांड्यात बुडवा, थर्मामीटर सोबत ठेवा आणि पाणी तापवा. अंगावर कोरलेला आकडा, बहुतेक ८२ ते ९० अंशांच्या आसपास, आला की तो उघडायला लागतो. तळाला टेकू देऊ नका, तिथे पाण्यापेक्षा उष्णता जास्त असते आणि तो आधीच उघडतो.

बसवताना मेणाची कुपी (तापल्यावर थर्मोस्टॅट उघडणारा भाग) आणि स्प्रिंग इंजिनाच्या, म्हणजे गरम कूलंटच्या बाजूला. उलटा बसवला तर कुपीपर्यंत गरम कूलंट पोहोचत नाही आणि इंजिन उकळतं तरी तो बंदच राहतो. कडेला हलणारी छोटी पिन असेल तर ती वर, घड्याळात बारा वाजतात तिथे. हवा निघून जाण्यासाठीच ती असते. कडा खाचेत पूर्ण बसली आहे ना, हे बोटाने चाचपा. घसरलेल्या थर्मोस्टॅटवर घर आवळलं की घराचा कान तुटतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला ऐकू नका. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जातं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो. तोच नसेल तर कूलंट रेडिएटर चुकवून बायपासमधूनच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते.

## टप्पा ६: रेडिएटर आणि पंखा

खालचे रबरी बूश आधी जागेवर ठेवा, मग रेडिएटर वरून सोडा. बूश विसरला तर कंपनाने प्लास्टिकची टाकी तडकते. कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि पंख्याचं आवरण ‘नसलं तरी चालतं’ म्हणून बाजूला राहतात. त्यांच्यामुळेच हवा रेडिएटरमधून ओढली जाते. त्या नसतील तर पंखा बाजूची गरम हवाच घुसळत राहतो.

> तपासा: पंख्याची वायर कापून जोडली असेल तर तो पुढे सुरू झाल्यावर कंडेन्सरसमोर कागद धरा. कागद आत ओढला जायला हवा. बाहेर उडाला तर तारा उलट्या लागल्या आहेत.

## टप्पा ७: होज आणि क्लिपा

होज सहज सरकावा म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. कूलंटचे दोन थेंब पुरे. क्लिप आधी होजवर चढवा, होज तळापर्यंत ढकला आणि मग क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे आणा. उंचवट्यावरच बसलेली क्लिप थंडीत धरते आणि गरम झाल्यावर सुटते. मूळच्या स्प्रिंग क्लिपा ताण टिकवून असतील तर तशाच ठेवा. रबर फुगतं-आकसतं तशी स्प्रिंग जुळवून घेते, स्क्रूची क्लिप तसं करत नाही. स्क्रूची क्लिप प्लास्टिकच्या नाकावर आवळताना रबर क्लिपच्या फटींतून वर यायला लागलं की थांबा.

## टप्पा ८: भरण्याआधी दाब

कूलंट ओतून मग गळती शोधायची, हा उलटा क्रम आहे. सीलंट वापरलं असेल तर त्याच्या नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. मग हातपंप लावून रिकाम्या सिस्टीममध्येच हवा भरा. झाकणावरच्या आकड्याच्या वर जाऊ नका, तो बहुधा ०.९ ते १.१ बार असतो. १५ मिनिटांत काटा उतरला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे गळती. झाकणही याच पंपाने तपासता येतं.

## टप्पा ९: भरणं

धुतल्यावर ब्लॉकमध्ये साधं पाणी उरलेलं असतं, आणि इथे हिशेब चुकतो. समजा एकूण क्षमता ६ लिटर आहे आणि धुतल्यानंतर २ लिटर पाणी आत राहिलं. निम्मं-निम्मं मिश्रण ४ लिटर ओतलं, तर आत कूलंट फक्त ३३ टक्के होतं. म्हणून पातळ न केलेलं कूलंट आणा, एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ३ लिटर, आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. निव्वळ कूलंटही चालत नाही: ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

भरायचं तोंड सगळ्यांत उंच येईल अशी गाडीची पुढची बाजू उचला. बॅटरीची तार जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचे स्क्रू उघडा. सावकाश ओता, मधे थांबा, वरचा होज मुठीने दाबा-सोडा. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय धार आली की तो बंद करा.

> तपासा: आत आणखी जात नाही, पण टप्पा २ मधला हिशेब पाहता एक लिटर कमीच गेलंय? ते लिटर म्हणजे हवा. इंजिन सुरू करू नका, पुन्हा होज दाबत बसा.

## टप्पा १०: हवा काढणं

इलेक्ट्रिक पंप असलेल्या काही गाड्यांना हवा काढण्यासाठी स्कॅनरने वेगळा मोड चालू करावा लागतो. तिथे पुस्तिका सांगेल तेच करा. दाबाच्या टाकीचं झाकण उघडं ठेवायचं की लावून, तेही पुस्तिकेत बघा. रेडिएटरला झाकण असेल तर नरसाळं लावून, त्यात थोडं कूलंट ठेवून इंजिन सुरू करा.

सुरुवातीला नरसाळ्यात सुटे बुडबुडे येतील. थर्मोस्टॅट उघडला की गुडगुड होऊन पातळी एकदम खाली जाते, लगेच भरा. त्यानंतर इंजिनाचा वेग मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं धरा, खाली आणा, पुन्हा धरा. पंखा दोनदा चालू-बंद झाला, बुडबुडे थांबले आणि केबिनमध्ये सलग गरम हवा आली की झालं.

काट्यावर एकट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती हवा असेल तर तो शांत दिसतो आणि हेड मात्र भाजत असतं. काटा मध्यावर आणि हीटर थंड, असं दिसलं तर इंजिन लगेच बंद करा. वेग दिल्यावर हीटर गरम आणि सोडल्यावर थंड, हेही हवेचंच लक्षण.

बुडबुडे थांबतच नसतील आणि थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. निळ्याचं पिवळं होणाऱ्या रसायनाची चाचणी करा. रंग बदलला तर हेड पॅकिंग.

## टप्पा ११: दुसरी सकाळ

रात्रभर थंड झाल्यावर पातळी थोडी उतरलेली असेल. भरा. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून मिश्रण मोजणाऱ्या उपकरणाने) कूलंटचं प्रमाण बघा. निम्म्या-निम्म्या इथिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास येतो. पंपाच्या भोकाशी पहिल्या दिवशी एखादा डाग चालतो, रोजचा थेंब चालत नाही.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी, थंड असतानाच, टाकीवरच्या रेषेशी पातळी ताडा. दोन-तीन दिवस थोडी उतरून थांबली तर ती उरलेली हवा होती. उतरतच राहिली आणि गाडीखाली थेंब नाही, तर पुढच्या सीटसमोरचा गालिचा, मधल्या कन्सोलच्या बाजूने, हाताने दाबून बघा. हाताला ओलं, बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला तर हीटर कोअर गळतोय.